बेचाळीस टक्क्यांवर बंद

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे असंख्य लॅपटॉप एका तारखेत म्हातारे ठरले. बारामती-इंदापूर पट्ट्यात म्हाताऱ्या लॅपटॉपला लगेच भंगाराची वाट दाखवत नाहीत. पुण्याच्या कंपनीतून बाहेर पडलेलं यंत्र आधी मोठ्या भावाकडे, मग चुलतभावाकडे आणि शेवटी मोरगाव, सुपे, लोणी भापकर अशा गावांतल्या एखाद्या डिप्लोमावाल्या पोराकडे पोचतं. बारामतीच्या कॉलेजातला कुणी मित्र त्यावर लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू टाकून देतो. यंत्र पुन्हा पळायला लागतं. पहिली तक्रार मात्र जवळजवळ ठरलेली असते: लिनक्स टाकल्यापासून बॅटरी खोटी दाखवतो.

या एका वाक्यात निदान पाच वेगळी दुखणी दडलेली असतात. कुणाचा लॅपटॉप चाळीस टक्के दाखवत असतानाच पटकन बंद पडतो. कुणाचा ऐंशीवर अडून बसतो, रात्रभर लावला तरी हलत नाही. कुणाकडे तासभर शंभरच राहतं आणि मग आकडा धाडकन खाली येतो. चार्जर काढला तरी पट्टीवर 'चार्जिंग' तसंच राहतं, असं कुणी सांगतो. आणि काहींना चक्क नसलेल्या पेनाची बॅटरी संपत आल्याचा इशारा येतो. दोष सगळीकडे एकाच जागी नाही आणि औषधही सगळ्यांचं एक नाही. तरी सल्ला सगळ्यांना एकच मिळतो, 'एकदा पूर्ण उतरव आणि पूर्ण चढव', आणि दोन ठिकाणी लागू पडल्यामुळे तो पाचही ठिकाणी खपून जातो.

मोरगावातल्या एका मुलाचा लॅपटॉप पहिल्या प्रकारचा होता. बेचाळीस टक्क्यांवर पडदा काळा. टर्मिनल उघडून युपॉवर या लिनक्समधल्या सेवेला बॅटरीची माहिती विचारली की तो सगळा हिशोब समोर मांडतो. त्यात मूळ क्षमता ४७.५ वॅट-तास होती, सध्याची पूर्ण क्षमता ३१, शिल्लक १३, टक्केवारी ४२. एकतीसपैकी तेरा म्हणजे बेचाळीस टक्के, भागाकार बिनचूक. त्याच यादीत थोडं वर व्होल्टेज लिहिलेलं होतं, १०.६. या बॅटरीत तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे एका सेलच्या वाट्याला ३.५३ व्होल्ट. लिथियम-आयनचा सेल भरलेला असताना ४.२ व्होल्टवर असतो आणि तीनच्या आसपास त्याला संपलेला मानतात. पण ही उतरण सरळ नसते. मधला मोठा भाग तो ३.९ ते ३.६ च्या दरम्यान रेंगाळत काढतो आणि ३.५ च्या खाली गेला की कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो. पडदा मंद करून, काहीही चालू न ठेवता सेल ३.५३ दाखवत असेल, तर त्यात जेमतेम दहावा हिस्सा उरलेला असतो. लिनक्सने भागाकार बरोबर केला होता. त्याला मिळालेला भाजक शिळा होता.

हा भाजक कुठून येतो ते समजलं की अर्धा विषय सुटतो.

बॅटरीच्या खोक्यात सेलसोबत एक छोटी पाटी असते आणि तिच्यावर मोजणारी चिप. इंटेल आणि ड्युरासेल यांनी १९९५ च्या सुमारास 'स्मार्ट बॅटरी'चा आराखडा मांडला, तेव्हापासून लॅपटॉपच्या बॅटरीने आपला हिशोब आपणच ठेवायचा अशी रीत पडली. चिपपाशी काही मिलिओहमचा एक रोधक असतो. त्यातून किती विद्युतप्रवाह गेला, किती आला, हे चिप क्षणोक्षणी मोजून बेरीज-वजाबाकी करत राहते. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे: प्रत्येक मोजणीत होणारी बारीक चूक साठत जाते. बॅटरी पडून असताना आपोआप जे झिरपतं तेही या रोधकातून जात नाही, म्हणून वहीत चढत नाही. ही साठलेली चूक पुसायची संधी चिपला दोनच जागी मिळते, अगदी वरच्या टोकाला आणि अगदी तळाला. वर व्होल्टेज ४.२ ला टेकतं आणि प्रवाह आटतो, तेव्हा 'हे शंभर' अशी खूण बसते. तळाजवळ व्होल्टेज ठरलेल्या रेषेखाली जातं, तेव्हा दुसरी खूण. या दोन खुणांमध्ये किती गेलं ते मोजून चिप 'आताची पूर्ण क्षमता' नव्याने लिहिते. दोन टोकं दिसलीच नाहीत तर ती जुनाच आकडा घोकत बसते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या काही चिपा सेलचा अंतर्गत रोध आणि विश्रांतीतलं व्होल्टेज यांवरूनही अंदाज सुधारतात, त्यांना पूर्ण फेरीची गरज कमी पडते. पण विश्रांती त्यांनाही लागतेच.

आता मोरगावकडचा लॅपटॉप कसा वापरला जातो ते पाहा. लाईटचा भरवसा नसतो, म्हणून चार्जर कायम लावलेला. गावठाणात बरं, पण वस्तीवर शेतीच्या फीडरचं वेळापत्रक वेगळं. तिथे लाईट असेल तेवढ्या वेळात मोबाईल, बॅटरी, पंप सगळंच उरकायचं असतं. लाईट गेली की लॅपटॉप वीस-पंचवीस मिनिटं बॅटरीवर चालतो, आली की पुन्हा भरतो. वर्षानुवर्षं बॅटरी शंभर ते सत्तर एवढ्यातच घुटमळते आणि चिपला तळ कधी दिसत नाही. त्यात एप्रिल-मेमधला पत्र्याखालचा उकाडा. मोरगाव-सुप्याचा हा अवर्षणाचा पट्टा उन्हाळ्यात चाळिशीला टेकतो, आणि भरलेला सेल गरम ठेवणं हा त्याला म्हातारं करण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. म्हणजे क्षमता वेगाने घटते आणि ती घटल्याची नोंद मात्र होत नाही. दिसणारा आकडा आणि खरी स्थिती यांच्यातली दरी अशी रुंदावते. विंडोजवरही ती होतीच. तिथे अचानक बंद पडल्यावर लोक बॅटरीला दोष देत, नवी सिस्टिम टाकली की सिस्टिमला देतात.

अशा वेळी कॅलिब्रेशन हेच औषध, आणि ते अर्धवट करण्यात अर्थ नाही. अष्टविनायकाची यात्रा मोरगावच्या मयूरेश्वरापासून सुरू करतात आणि आठही गणपती झाल्यावर पुन्हा मोरगावला आल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. या फेरीचंही तसंच आहे. शंभरपासून निघायचं, तळ गाठायचा आणि शंभरवर परत यायचं. बहुतेक जण तळ गाठून घाईत चार्जर लावतात, लाईट जाते, साठवर काढून काम सुरू करतात आणि 'काही फरक पडला नाही' म्हणतात.

रीत साधी आहे. आधी चार्जिंगवर कुठली मर्यादा घातलेली असेल तर ती उठवायची. शंभर झाल्यावरही तासभर चार्जर लावूनच ठेवायचा, सेल निवू द्यायचे. मग चार्जर काढून बॅटरी उतरवायची. इथे लिनक्स चालू ठेवून उतरवण्यापेक्षा मला दुसरी वाट बरी वाटते: यंत्र सुरू करताना बायोसच्या सेटिंगच्या पडद्यात शिरायचं आणि तिथेच सोडून द्यायचं. तिथे झोपेचा टायमर नसतो, कुठलीही फाईल उघडी नसते, बॅटरी संपून यंत्र विझलं तरी डिस्कवर काही बिघडत नाही. विझल्यावर दोन-तीन तास तसंच ठेवायचं आणि मग एका दमात शंभरपर्यंत भरायचं. एका दमात, ही अट आपल्याकडे सगळ्यात अवघड. त्या दिवशीचं भारनियमन पाहून, नाहीतर इन्व्हर्टरवर लावून ही फेरी करावी. थिंकपॅडवर टीएलपी नावाचा प्रोग्रॅम हीच फेरी चार्जर लावलेला असतानाच घडवून आणतो. तो बॅटरीला सक्तीने उतरवतो आणि पुन्हा भरतो, त्यामुळे मध्ये कुणी बसून राहावं लागत नाही.

मोरगावच्या त्या लॅपटॉपवर फेरी पूर्ण झाल्यावर पूर्ण क्षमता ३१ वरून १९ वॅट-तासांवर आली. मुलाचा चेहरा पडला. त्याच्या दृष्टीने बॅटरी सुधारायला दिली होती आणि ती आणखी खराब होऊन परत आली. खरं तर बॅटरी होती तेवढीच होती, आकडा तिच्यापाशी येऊन पोचला. कॅलिब्रेशनने दाखवणं सुधारतं, टिकणं नाही, हे आधी सांगून ठेवावं. आणि ही फेरी दर आठवड्याला करायची चीज नव्हे. तळापर्यंत उतरवणं सेलला मानवत नाही. आकडा आणि अनुभव यांचं फाटलं, तेवढ्यापुरतीच करावी. बॅटरी फुगलेली असेल, टचपॅड वर उचलल्यासारखं वाटत असेल, तर अजिबात करू नये. ती काढून बाजूला ठेवायची.

आकडा चिपमधून निघाला की पुढे त्याला बरेच हात लागतात. चिपकडून तो मदरबोर्डवरच्या कंट्रोलरकडे जातो. तिथून इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणलेल्या एसीपीआय या ठरलेल्या भाषेत कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगितला जातो. कर्नेल तो 'पॉवर सप्लाय' नावाच्या फोल्डरात मांडून ठेवतो, बहुधा 'बॅट-शून्य' या नावाखाली. तिथून युपॉवर उचलतो आणि युपॉवरकडून ग्नोम, केडीई किंवा एक्सएफसीई या डेस्कटॉपांच्या पट्टीवर येतो. कुठे बिघडलं ते शोधायचं तर उलट्या दिशेने जायचं: पट्टीवरचा आकडा, युपॉवरचा आकडा आणि कर्नेलच्या फोल्डरातल्या फायलींमधला आकडा शेजारी शेजारी ठेवायचे. तिन्ही जुळले तर लिनक्सचा दोष नाही, खाली चिपकडे किंवा फर्मवेअरकडे बघायचं. जुळले नाहीत तर जिथे फाटलं तिथे दोष. दोन मिनिटांची ही तपासणी न करताच लोक सिस्टिम पुन्हा टाकतात, याचं मला नवल वाटत आलं आहे.

कर्नेलमधलं हे 'पॉवर सप्लाय' फोल्डर तसं जुनं नाही. ते आजच्या रूपात २००७ मध्ये आलं. त्याच सुमारास कर्नेलमध्ये एक वेगळा बॅटरी ड्रायव्हरही दाखल झाला, डेव्हिड वुडहाउस यांनी लिहिलेला, 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाच्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपसाठी. हे यंत्र त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या खैरात इथल्या छोट्या शाळेतल्या मुलांच्या हातात आलं. फेडोरावर बेतलेलं लिनक्स, त्यावर शुगर नावाचा मुलांसाठीचा डेस्कटॉप. महाराष्ट्रातल्या खेड्यात लिनक्सवरची बॅटरीची खूण पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांत ही पोरं असणार.

एक्सओची बॅटरी नेहमीची लिथियम-आयन नव्हती. बहुतेक यंत्रांत लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल होते, काहींत निकेल-मेटल-हायड्राइडचे. फॉस्फेटचा सेल टिकाऊ, उकाड्याला सोसणारा, पेट घेण्याची भीती कमी. शाळेसाठी निवड उत्तमच. पण त्याचं व्होल्टेज जवळजवळ सगळा वेळ ३.२-३.३ च्या आसपास सपाट असतं. नव्वद टक्क्यांना आणि तीस टक्क्यांना फरक शतांशांत मोजावा लागतो, म्हणजे व्होल्टेजवरून अंदाज बांधायची सोयच नाही, सगळी मदार प्रवाहाच्या हिशोबावर. आणखी गंमत ड्रायव्हरच्या आत आहे. यंत्राचा कंट्रोलर टक्केवारी सांगत असे, मूळ क्षमता सांगत नसे. मग ड्रायव्हरमध्ये बॅटरीच्या उत्पादकाप्रमाणे क्षमता लिहूनच ठेवली होती, आणि 'शिल्लक चार्ज' हा आकडा टक्केवारीवरून उलटा काढलेला होता. कुणी शिल्लक भागिले पूर्ण करून टक्केवारी ताडून पाहिली असती तर ती नेहमीच जुळली असती, कारण ती स्वतःशीच जुळत होती. कर्नेलच्या फोल्डरात एवढे सूक्ष्म, सहा-सात आकडी अंक दिसतात म्हणून ते मोजलेलेच असतात असं धरून चालू नये. ताडून पाहायचं तर व्होल्टेज आणि घड्याळ हे दोनच साक्षीदार बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत, आणि फॉस्फेटच्या बॅटरीत तर एकटं घड्याळच.

फर्मवेअरच्या या लहरी आजच्या लॅपटॉपांतही आहेत. काही यंत्रं बॅटरी भरली की 'पूर्ण क्षमता' सांगायच्या ऐवजी मूळ क्षमताच कळवतात. काही मिलिअँपिअर-तासांच्या जागी सरळ टक्के पाठवतात. काही जुन्या मॉडेलांत एकक एक सांगायचं आणि आकडा दुसऱ्या एककातला द्यायचा, असाही प्रकार होता. कर्नेलच्या एसीपीआय बॅटरी ड्रायव्हरमध्ये अशा यंत्रांसाठी अपवाद लिहून ठेवलेले आहेत. त्यामुळे जुन्या कर्नेलवर वेडावाकडा दिसणारा आकडा नव्या कर्नेलवर आपोआप सुधारलेला दिसतो, आणि म्हणून कॅलिब्रेशनच्याही आधी कर्नेल आणि बायोस अद्ययावत करून पाहावेत. बायोस अद्ययावत करायला पूर्वी विंडोज लागायचं. आता एफडब्ल्यूअपडी नावाचा प्रोग्रॅम हे काम लिनक्समधूनच करतो, निदान डेल, लेनोव्हो, एचपी यांच्या बऱ्याच यंत्रांवर. योगायोग असा, की एफडब्ल्यूअपडी लिहिणारे रिचर्ड ह्यूज हेच ग्नोमचा जुना पॉवर मॅनेजर आणि त्यातून पुढे आलेला युपॉवर यांचेही कर्ते. बॅटरीचा आकडा पडद्यावर आणण्यात आयुष्याची काही वर्षं घातलेल्या माणसाने पुढे फर्मवेअर दुरुस्त करण्याची वाट बांधली, यात मला तरी एक सुसंगती दिसते.

युपॉवरच्या पातळीवरचे दोष कमी आणि सोपे आहेत. बॅटरीत बदल झाला की फर्मवेअरने कर्नेलला हाक मारायची असते. काही यंत्रं ती मारत नाहीत, म्हणून युपॉवर ठरावीक सेकंदांनी स्वतःच डोकावतो. झोपेतून उठल्यावर किंवा चार्जर काढल्यावर पट्टीवर जुनंच दिसत राहिलं तर युपॉवरची सेवा पुन्हा सुरू केली की बहुतेक वेळा काम भागतं. 'किती तास उरले' हा आकडा तर नुसता शिल्लक भागिले आत्ताचा खर्च एवढाच असतो. व्हिडिओ लावला की निम्मा, थांबवला की दुप्पट. त्याच्यावरून भांडण्यात राम नाही, तो आकडा मी पाहतच नाही.

युपॉवर मागच्या चढ-उतारांच्या नोंदी एका फोल्डरात ठेवतो. त्या पुसून टाकल्या की टक्केवारी दुरुस्त होते, असा एक गावठी उपाय फिरतो. पुसल्याने आलेख कोरे होतात, टक्केवारीला धक्काही लागत नाही, कारण ती त्या नोंदींतून येतच नाही. अँड्रॉइडवरही हाच भ्रम होता. 'बॅटरीस्टॅट्स' नावाची फाईल पुसा म्हणून लोक वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत होते, शेवटी २०१२ मध्ये गुगलच्या डायॅन हॅकबॉर्न यांनी स्पष्ट केलं की त्या फाईलचा दिसणाऱ्या आकड्याशीही संबंध नाही आणि बॅटरी टिकण्याशीही नाही. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचंच कर्नेल आणि तेच 'पॉवर सप्लाय' फोल्डर, तेव्हा भ्रमही एकाच कुळातले.

युपॉवरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये मात्र एक खरोखर उपयोगाची जागा आहे. किती टक्क्यांना 'कमी', किती टक्क्यांना 'फारच कमी' आणि किती टक्क्यांना यंत्र स्वतःहून बंद करायचं, हे तिथे लिहिलेलं असतं. हल्लीच्या आवृत्त्यांत २०, ५ आणि २. ज्याचा लॅपटॉप बेचाळीसवर मरतो, त्याच्या बाबतीत या तिन्ही रेषा कधी येतच नाहीत. कॅलिब्रेशनला सवड नसेल आणि उद्या प्रोजेक्ट जमा करायचा असेल, तर त्या ६०, ५० आणि ४५ अशा वर सरकवाव्यात. यंत्र मरण्याआधी नीट बंद होतं, फाईल वाचते. आकडे उतरत्या क्रमाने हवेत. क्रम चुकला तर युपॉवर मुकाट्याने मूळचे आकडे वापरतो आणि आपण बदल केला म्हणून निर्धास्त राहतो. केडीई आणि एक्सएफसीई यांची या बाबतीतली स्वतःची सेटिंगंही असतात, तीही बघून घ्यावीत.

पट्टीवरच्या गोंधळात सगळ्यात फसवा प्रकार असा की दोन्ही आकडे खरे असतात. आय-थ्री हा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांच्या पट्टीवर, काही सांगितलं नाही तर, शिल्लक ऊर्जेला मूळ क्षमतेने भागतात. बाकी डेस्कटॉप आताच्या पूर्ण क्षमतेने भागतात. म्हणून झिजलेली बॅटरी एका पट्टीवर भरूनही ६५ टक्के दाखवते आणि शेजारच्या ग्नोमवर १००. तसंच दोन बॅटऱ्यांच्या थिंकपॅडचं, उदाहरणार्थ टी-४४० ते टी-४८०. मागची काढता येणारी बॅटरी आधी संपते, आतली नंतर. युपॉवर दोघींची बेरीज करून एक आकडा देतो, पण एखादी साधी पट्टी फक्त मागचीच वाचत असेल तर पाच टक्क्यांवर येऊन लॅपटॉप पुढे दोन तास निवांत चालतो. ऐंशीवर अडणारा लॅपटॉप बहुधा ठणठणीत असतो. बॅटरी जपायला बायोसमध्ये किंवा डेस्कटॉपमध्ये कुणीतरी मर्यादा घातलेली असते. केडीईत ही सोय आधीपासून होती, ग्नोमने मार्च २०२५ च्या ४८ व्या आवृत्तीत दिली. कायम चार्जरवर असणाऱ्या यंत्राला ही मर्यादा लावावीच, असं माझं मत आहे. तिची किंमत एवढीच की चिपला वरचं टोकही दिसेनासं होतं, म्हणून अधूनमधून मर्यादा उठवून एक फेरी करावी लागते.

नसलेल्या पेनाचा इशारा टचस्क्रीनमुळे येतो. काही टचस्क्रीन 'मला पेन जोडता येतं आणि त्याची बॅटरी एवढी' असं पेन नसतानाही सांगतात. कर्नेलमध्ये अशा टचस्क्रीनची यादी आहे, त्यांचं म्हणणं तिथे कानाआड केलं जातं. आपला टचस्क्रीन त्या यादीत नसेल तर नव्या कर्नेलची वाट पाहणं एवढंच हातात. वायरलेस माऊसच्या आकड्याचं फार मनावर घेऊ नये. कित्येक माऊस तीन-चार पायऱ्याच ओळखतात, त्यामुळे नव्वदवरून थेट पन्नासवर उडी मारणं हा त्यांचा स्वभाव आहे.

टेबलावरच्या कॉम्प्युटरला यूपीएस जोडलेला असेल आणि त्याला यूएसबीची वायर असेल, तर त्याची बॅटरीही लिनक्सच्या पट्टीवर दिसू शकते. 'नट' नावाची जुनी, भक्कम प्रणाली त्यासाठी आहे. पण आपल्याकडच्या स्वस्त यूपीएसमध्ये शिसे-आम्लाची बॅटरी असते आणि टक्केवारी ते सांगतच नाहीत, फक्त व्होल्टेज सांगतात. नट मग वरचं आणि खालचं व्होल्टेज धरून मधे सरळ रेषा ओढतो. ही दोन व्होल्टेजं आपल्या यूपीएसप्रमाणे सेटिंगमध्ये भरली नाहीत, तर आकडा निव्वळ अंदाजपंचे. भरली तरी ओझं पडताच व्होल्टेज दबतं, म्हणून लाईट गेल्या क्षणी शंभरचे सत्तर होतात आणि आली की पुन्हा चढतात. त्यात बिघाड शोधू नये. दोन-तीन वर्षांच्या यूपीएसला आकडा विचारण्यापेक्षा लाईट गेल्यावर तो किती मिनिटं टिकतो ते एकदा घड्याळ लावून पाहावं.

सगळं करून १९ वॅट-तास उरले, तर पुढचा प्रश्न नव्या बॅटरीचा. इथे आकडे पुन्हा फसवतात. कमी किमतीच्या काही बॅटऱ्यांत चिपला मूळ क्षमता मोठी लिहून ठेवलेली असते आणि चार्ज-फेऱ्यांची मोजणी कायम शून्यावर. जुन्याच खोक्यात नुसते सेल बदलून घेतले आणि चिपची आठवण पुसली नाही, तर नव्या सेलवर जुन्याच म्हाताऱ्या बॅटरीचा आकडा दिसत राहतो. तेव्हा नवी बॅटरी बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात एक पूर्ण फेरी करावी, उतरायला किती वेळ लागला ते लिहून ठेवावं आणि वॉरंटी असेतोवर दुकानदाराशी काय ते बोलून घ्यावं. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, पण व्यवहारात ती आपणच दुकानापर्यंत न्यावी लागते.

मोरगावच्या मुलाने नवी बॅटरी घेतली नाही. त्याच्या यंत्राच्या किमतीच्या मानाने ती महाग पडत होती. घरी इन्व्हर्टर होता, लॅपटॉप त्यावरच लावून वापरायचं ठरलं. असं करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. इन्व्हर्टरला बहुधा 'यूपीएस मोड'चं बटण असतं, ते चालू हवं. नाहीतर लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात अडॅप्टर तग धरेलच असं नाही. आणि बॅटरी साफ काढून टाकली तर काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम सगळ्यात खाली बांधून ठेवतात, कारण अचानक ओढ वाढली तर एकटा अडॅप्टर पुरणार नाही अशी त्यांच्या फर्मवेअरची समजूत असते. म्हणून फुगलेली नसेल तर १९ वॅट-तासांची बॅटरी आतच राहू द्यायची, चार्जिंगची मर्यादा ऐंशीवर ठेवायची आणि युपॉवरच्या रेषा ३०, २० आणि १५ वर आणायच्या.